आईच्या नावाची गोळी

आईच्या औषधांची निळी फाइल माझ्याकडे असते. रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेवार लावलेलं. ही सवय मला तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी लावली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना सर माझ्या शेजारी बसले होते. "खोटं एक अक्षर लिहायचं नाही," ते म्हणाले होते. "पुढे तोच कागद आपल्याबद्दल बोलतो." हे मी कधी विसरले नाही, म्हणून पुढचं सांगणं जड जातं.

कोथरूडच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून पंधरा वर्षांत माझं वजन बरंच वाढलं होतं. ग्रुप फोटो निघाला की मी आपणहून मागच्या रांगेत जायचे. त्या वर्षी आमच्यातल्या दोघीजणी बघता बघता बारीक झाल्या. मधुमेहाची एक नवी गोळी आली होती, तिने भूकच लागत नाही, असं कळलं. डब्याच्या वेळी दुसरा विषय नसायचा.

"पण चिठ्ठी लागते ना गं?"

"त्यात काय! ॲपवर डॉक्टरशी दोन मिनिटांचा कॉल. शुगर आहे म्हणायचं आणि वजन दहा किलो जास्त सांगायचं. तो काय काटा घेऊन येतोय घरी?"

"वजन जास्त सांगायची आयुष्यातली पहिलीच वेळ असेल तुझी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी आधी सरळ मार्गाने गेले. ऑफिसजवळच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, रक्त तपासून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला गोळीची नाही, बुटांची गरज आहे. सहा महिने चाला, मग बघू." बूट घेतले. आठवडाभर चालले. मग ॲप उघडलं. "आपल्याला मधुमेह आहे का?" या प्रश्नापुढे दोन चौकोन होते. वर माझं नाव होतं. खोट्या चौकोनावर बोट ठेवायला मन धजेना. सर आठवले. फोन बाजूला ठेवला आणि स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

त्याच आठवड्यात आईची निळी फाइल घेऊन मी आमच्या घराजवळ, विश्रांतवाडीतल्या तिच्या डॉक्टरांकडे गेले.

"पेशंट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"गुडघे दुखतात तिचे, जिना उतरवत नाही." हे खरं होतं. "साखर वाढलीय, वजनही वाढलंय." हेही खरं होतं. "ती नवी गोळी तिला चालेल का?"

यातला एकेक शब्द तपासला तर खोटा निघाला नसता. फक्त मी तो आईसाठी बोलत नव्हते.

डॉक्टरांनी फाइल चाळली. "पेशंटला बघितल्याशिवाय मी नवं औषध लिहीत नाही. पण तुम्ही शिकलेल्या आहात, आईचं सगळं नीट करता, म्हणून लिहितो. तीन महिन्यांनी रिपोर्ट आणि आई, दोन्ही आणा."

गोळी मागवावी लागे. आली की औषधवाले कागदी पिशवीवर बॉलपेनने आईचं नाव लिहून माझ्यासाठी बाजूला ठेवत. मी ती रोज सकाळी उपाशीपोटी, बाथरूमचं दार लावून, घोटभर पाण्याबरोबर घ्यायचे. भूक खरंच गेली. ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. आई विचारायची, "मीठ कमी पडलं का?" दुसऱ्या दिवशी ती वेगळी भाजी करायची, तीही उरायची. लहानपणी आमच्या घरात भाकरी उरलेली मला आठवत नाही. आई सगळ्यात शेवटी जेवायची, आणि कधीकधी जेवून झालं म्हणून सांगायची.

तीन महिन्यांनी आईला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, एवढी चांगली गोळी दिलीय आणि साखर होती तशीच? वजन उलट किलोभर वर! चोरून काय खाता?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"गूळ खाते," ती म्हणाली.

"वा! औषध आम्ही द्यायचं आणि गूळ तुम्ही खायचा. वाटणी छान आहे." त्यांनी पेन उघडलं. "आता इन्शुलिन सुरू करू. रोज सुई."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सुईला ती फार भिते. तरी म्हणाली, "बरं."

आणि मी ती चिठ्ठी घडी करून फाइलमध्ये ठेवली, तिच्या तारखेच्या जागी.

बाहेर बाकावर आई चप्पल सरळ करत होती. मी विचारलं, "आई, तू गूळ कधी खातेस?"

"पिशवीवर माझं नाव होतं," ती म्हणाली. "वाचता येतं की मला. तूच शिकवलंस."

चौथीत असताना मी तिला पाटीवर तिचं नाव गिरवायला लावलं होतं.

"गोळ्या माझ्या नावाच्या, अन् घेतेस तू. जेवत नाहीस, वाळत चाललीस. मला वाटलं, काहीतरी मोठं दुखणं लागलंय अन् माझ्यापासून लपवतेस. म्हणून नाही विचारलं. आत खरं सांगितलं असतं अन् त्यांनी तुझी गोळी बंद केली असती तर?"

तीन महिने ती हे मनात घेऊन रोज वेगळी भाजी करत होती.

"मला काही झालेलं नाही गं," मी म्हणाले. "मला फक्त बारीक व्हायचं होतं."

तिने बाकावरची फाइल माझ्या हातात दिली आणि केबिनच्या दाराकडे पाहिलं.

मी परत आत गेले. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती उतरलं तुमचं?"

"सात किलो."

"म्हणजे औषधाचा दोष नाही." त्यांनी इन्शुलिनची चिठ्ठी फाडली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "लिहा. पेशंटने ही गोळी घेतलेली नाही. खाली कोणी घेतली त्याचं नाव. आणि तुमचं रक्त तपासून या. शिकलेल्या आहात म्हणून विश्वास ठेवला, हे आता मी दुसऱ्या कुणाला म्हणणार नाही."

मी लिहिलं, स्वच्छ अक्षरात. तो कागद आजही फाइलमध्ये आहे.

घरी आल्यावर आईने गुळाचा डबा काढला, बोराएवढा खडा फोडला आणि तोंडात टाकला.

"आई! साखर वाढेल!"

"डॉक्टरांना सांगून बसले ना खाते म्हणून," ती म्हणाली. "म्हातारपणी खोटं कशाला राहू द्यायचं?"

उरलेला चुरा तिने माझ्या तळहातावर ठेवला. मला भूक नव्हती. मी खाल्ला.