गेला की गेली

आमच्या घरात सकाळचा चहा प्रार्थनेनंतर मिळतो. चहा आधी उकळून झाला असला तरी तो झाकून ठेवायचा आणि बाबांचं आमेन होईपर्यंत थांबायचं. बाबा दवाखान्यात ड्रेसर आहेत. जखमा धुऊन पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम, आणि आदल्या दिवशीच्या प्रत्येक जखमेसाठी ते वेगळी विनंती करतात. घाटंजीच्या आठवडी बाजारातल्या मारामाऱ्यांनंतर ही यादी फार लांबते. रविवारी सकाळची ड्युटी त्यांनी आजवर घेतलेली नाही. त्या बदल्यात पोळा, दसरा, दिवाळी, असे सगळ्यांचे सणाचे दिवस ते कामावर काढतात. कोणी विचारलं तर एवढंच म्हणतात, "पहिले देव. मंग बाकीचं पाहू."

मलाही ते पटतं. पण बँकेच्या परीक्षा रविवारीच असतात.

गेल्या वर्षी अशी एक परीक्षा यवतमाळला होती. बाबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. "तुले बरं वाटते ते कर," म्हणाले असते आणि एकटेच चर्चला जाऊन बाकावर माझ्यापुरती जागा मोकळी ठेवून बसले असते. ते मला सोसलं नसतं. म्हणून मी सांगितलं की मैत्रीण आजारी आहे, तिला भेटायला जाते, उपासनेला तिकडेच जाईन. एसटीत खिडकीशी बसून टक्केवारीची गणितं घोकली. पेपर बरा गेला. परत येताना बाबांसाठी पेढे घ्यावेत असं वाटलं, मग कशाबद्दल म्हणून द्यायचे ते सुचेना, आणि तशीच आले.

हे मी एकाच माणसाला सांगितलं. आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोला. सगळे त्यांना आंटी म्हणतात. मी नववीत असताना आई गेली. त्यानंतर बाबांशी बोलता येत नव्हतं ते सगळं मी आंटींच्या स्वयंपाकघरात बोलले. समोरासमोर बसलं की माझे शब्द अडतात हे त्यांनी ओळखलं होतं. मी गेले की त्या माझ्यापुढे लसूण सोलायला टाकत, स्वतः भाकरी थापत, आणि पाठमोऱ्याच ऐकत. त्या दिवशीही तसंच ऐकलं. रागावल्या नाहीत. "बाबांना तूच सांग, धीर आला की," म्हणाल्या. "तोवर हे तुझ्यात, माझ्यात अन् देवात." मग पिठाचे हात धुऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. मी मोकळी होऊन घरी आले.

दोन-तीन महिन्यांनी संजीवन सभा लागल्या. शुक्रवार ते रविवार, चर्चच्या अंगणात मांडव, रविवारी दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण. वक्ते दक्षिणेकडचे, इंग्रजीत बोलणारे. ते पाळकांकडेच उतरले होते. दुभाषी मी. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे अकरावीपासून हे काम माझ्याकडे आहे. चार माणसांत तोंड न उघडणारी मुलगी माईकवर कशी बोलते याचं लोकांना नवल वाटतं. ते बोलणं माझं नसतं, म्हणून मला जमतं.

वक्त्याच्या डावीकडे, एक पाऊल मागे उभं राहायचं. ते अर्धं वाक्य बोलून थांबतात, तेवढं आपण मराठीत आणायचं. त्यात एक पेच कायम असतो. इंग्रजीत 'बिलीव्हर', म्हणजे विश्वास ठेवणारं माणूस, बाई की पुरुष हे वाक्य संपलं तरी कळत नाही. आमच्या चर्चच्या मराठीत विश्वासणारा म्हणा नाहीतर विश्वासणारी म्हणा, आणि वाक्याच्या शेवटी पुन्हा गेला की गेली, तेही ठरवा. एरवी मी वक्त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहते आणि मग ठरवते.

रविवारी सकाळचा विषय होता, आयुष्यात देवाला पहिली जागा. वक्ते म्हणाले, तुमच्याच मंडळीत एक तरुण विश्वास ठेवणारं माणूस आहे. मी थांबले. ते म्हणाले, प्रभूच्या दिवशी देवाचं घर सोडून हे माणूस यवतमाळला बँकेच्या परीक्षेला गेलं. मी अजून थांबलेलीच. आणि घरच्यांना सांगितलं काय, तर आजारी फ्रेंडला भेटायला जायचंय.

पहिल्या रांगेत आंटी होत्या. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, मान हलकेच डोलत होती. वक्त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलंही नाही, म्हणजे ते माणूस त्यांच्याच बाजूला उभं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आंटींनी नाव तेवढं सांगितलं नव्हतं. बाकी सगळं दिलं होतं, आजारी मैत्रिणीसकट.

तिसऱ्या रांगेत बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी भाषांतर करते तेव्हा ते वक्त्याकडे कधी पाहत नाहीत.

मी म्हटलं, "आपल्या मंडळीत एक तरुण विश्वासणारा आहे. तो प्रभूच्या दिवशी उपासना सोडून परीक्षेला गेला. घरी मात्र मित्राला भेटायला जातो म्हणून सांगितलं."

यवतमाळ गाळलं, बँक गाळली, मैत्रिणीचा मित्र केला. बाबांनी मान हलवली, चुकलं पोरगं, अशी. आंटींनी डोळे उघडले. मी पुढच्या वाक्याला लागले.

आमच्या चर्चमध्ये तरुण पुरुष सात-आठच आहेत, आणि त्यांतला परीक्षा देणारा एकच. तो पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे रस्त्याने पळतो. त्याची आई शाळेत खिचडी शिजवायला जाते. माझा 'गेला' संपायच्या आत लोकांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. जेवणाच्या वेळी नळापाशी आईने त्याला गाठलं.

"तरीच म्हनलं, त्या रविवारी पाय दुखते म्हनून घरी काहून राह्यला."

"माय, मी नाही गेलतो कुठी."

"मंग थे एवढ्या दुरून येऊन खोटं बोलून राह्यले का?"

वाढणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारलं, "काय साहेब, पोस्टिंग कुठी भेटली?" सगळे हसले, तोही हसला. मग आई रडायला लागली तसा त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे पाहताना मी त्याला दिसले. मी वरणभाताचं ताट घेऊन उभी होते.

"ताई, तुमी तर इंग्लिश आयकलं ना. तुमीच सांगा मायले. माझं नाव घेतलं का त्याईनं?"

"नाव नाही घेतलं," मी म्हणाले. ते खरं होतं आणि त्याच्या काहीच कामाचं नव्हतं. ताट तसंच ठेवून मी घरी आले.

दुपारी बाबा भिंतीला पाठ टेकून बसले होते. ते त्या मुलाबद्दलच बोलत होते. त्याच्या आईने किती कष्ट काढले, तो असा खोटं बोलणारा वाटत नव्हता, उद्या त्याला गाठून समजावतो, असं. बाबा त्याला समजावायला जाणार हे ऐकून मला राहवलं नाही.

"बाबा, तो नव्हता."

"तुले काय माहीत?"

"मी गेलती."

बाबा सरळ बसले. परीक्षेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हे कसं कळलं, एवढंच विचारलं. मी आंटींचं सांगितलं, तो लसूण, ती प्रार्थना, सगळं. ते माझ्या हातांकडे पाहत राहिले.

"म्हंजे तिले सांगतलं," ते म्हणाले. "मले नाही."

सकाळपासून मी आंटींनी मला कसं फसवलं तेच मनात घोळवत होते. बाबांच्या त्या वाक्यानंतर तेवढंच घोळवता येईना. थोड्या वेळाने ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या पोराचं आजच निस्तर. संध्याकाळी माईक तुह्याच हातात हाय."

संध्याकाळच्या सभेत गाणी संपली आणि वक्ते उठायच्या आधी मी माईकपाशी गेले. मी म्हटलं, "सकाळच्या भाषांतरात माझी चूक झाली. मी 'गेला' म्हटलं. तिथे 'गेली' पाहिजे होतं. विश्वासणारा नाही, विश्वासणारी. ती मी." पोलीस भरतीवाल्याच्या आईने त्याच्या पाठीवर हात ठेवलेला मला दिसला. वक्त्यांनी हळूच विचारलं, काय सांगितलंस त्यांना? मी म्हणाले, सकाळची एक दुरुस्ती. त्यांनी बायबल उघडलं आणि मी त्यांच्यामागे शब्दाला शब्द लावत शेवटपर्यंत बोलले. बाबा माझ्याकडेच पाहत होते.

सभा सुटल्यावर आंटी आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी नाव नव्हतं घेतलं गं. तुझ्यासाठी प्रार्थना करा म्हणूनच त्यांना सांगितलं होतं." माझ्याकडे दोन्ही भाषांत वाक्यं तयार होती. पण 'नाव नाही घेतलं' हे मीच दुपारी नळापाशी कोणाला तरी म्हणाले होते, त्यामुळे एकही तोंडातून निघेना. मी फक्त हात काढून घेतला.

आंटी बाबांकडे वळल्या. "भाऊ, मी रोज तिच्यासाठी गुडघे टेकते."

"टेका, बाई," बाबा म्हणाले. "पन आता कोनाले सांगू नका."

त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघरात मी गेले नाही. भेटल्या तर सलाम करते, तब्येत विचारते. बाबांना आता पुष्कळसं सांगते, सगळं अजून नाही. काही झालं की सर्वांत आधी देवाला सांगते, इंग्रजीत, मनातल्या मनात. लोकांना वाटेल हिचा विश्वास वाढला. मला तसं म्हणवत नाही. देवाच्या आधी जी आंटींची जागा होती ती रिकामी झाली, म्हणून तो पहिला आला.