ऊब नसलेला उजेड

पाणी मिसळलेल्या शाईसारखा जांभळट असा तो उजेड डोळे मिटले की अजून दिसतो. आणि त्याच्या मागोमाग, मिक्सर फार वेळ चालवल्यावर येतो तसा एक तिखट, करपट वास. आमच्या करंजाड्याच्या घरात रोज सकाळी तो उजेड फिरत असे. चाव्यांवरून, मोबाईलवरून, दाराच्या कडीवरून, माझ्या गोळ्यांच्या डब्यावरून. अतिनील किरणांनी जंतू मारणारी ती हातात मावणारी दांडी माझ्या बायकोने, सुनंदाने, ऑनलाइन मागवली होती. असेल लाटण्याएवढी, पण सुनंदाचा तिच्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्यावर कधी बसला नसेल!

तिला तरी कसं हसावं? त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या पोटात माझ्या थोरल्या बहिणीचं मूत्रपिंड बसवलं होतं. शरीराने ते परकं समजून हुसकून लावू नये, म्हणून शरीराची सारी प्रतिकारशक्तीच औषधांनी निजवून ठेवायची, असा तो विलक्षण तह होता. साधी सर्दी जिवावर बेतू शकते, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसापासून सुनंदाच्या लेखी आमचा उंबरठा ही सरहद्द झाली, वर्तमानपत्र घुसखोर ठरलं आणि दूधवाला संशयित. जंतू दिसत नाहीत आणि त्यांना मारणारे किरणही दिसत नाहीत. या साऱ्या अदृश्य युद्धाची साक्ष म्हणून दिसायचा तो एवढासा जांभळा उजेड! माणूस मनातून भ्यायला की त्याला हातात धरायला काहीतरी लागतंच, नाही का?

गणपती उरकल्यावर माझी बहीण, हौसाताई, मला पाहायला आली. ती उरणच्या बाजारात मासे विकते. कल्ल्यांची लाली दुरून पाहून मासा कधीचा ते सांगते. माझ्यासाठी तिने आणलेले बोंबील सुनंदाने बाहेरच्या बाहेर शेजारी दिले, ताईला आल्याआल्या आंघोळीला पाठवलं आणि तिच्यासाठी दाराजवळ खुर्ची मांडली. मी पार खिडकीशी. ताईने ते अंतर एकदा नजरेने मोजलं.

"अगो, याच्या पोटात मीच हाय ना?" ती म्हणाली. "मंग मना लांब कशाला बसवतंस?"

"ताई, डॉक्टरांनीच सांगितलंय हो. राग मानू नका."

राग तर दोघींनाही आला होता. जेवणं झाली, भांडी घासली गेली, तरी तो निवळला नाही. दोन माणसांनी एकाच माणसाचा जीव वाचवायचा ठरवलं, तर त्या दोघांमध्ये इतकी अढी का पडावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा औषधं आणायला खाली गेली. मला गोळ्यांच्या गुंगीत खिडकीपाशी डुलकी लागली होती. त्या वेळात जे घडलं ते मी पाहिलं नाही. ते ताईनेच दुपारी भात कालवता कालवता मोठ्या समाधानाने सांगितलं.

"तुजी बायको चाव्यांना ओवालते, डब्यांना ओवालते. मानसाला कोन ओवालनार? तू निजलेला, मंग मीच ओवाललं. पन त्या बत्तीला ऊबच नाय रं! हातावं घेतली, डोल्यांशी धरली, किती जवल धरली, तरी नाय."

सुनंदाच्या हातातली वाटी तशीच राहिली. मग ती उठली, दांडीच्या खोक्यातला कागद काढून बघत उभी राहिली. त्यावर उघड्या डोळ्याचं चित्र होतं आणि त्या डोळ्यावर फुली मारलेली होती.

आपण उजेडाला हात लावत मोठी झालेली माणसं. निरांजन समोर आलं की तळवे आपोआप ज्योतीवर जातात, तिथून डोळ्यांवर. तेजाची ऊब पापण्यांना लागली की आरती पोचली असं वाटतं. ज्या उजेडाकडे नुसतं पाहायचंही नाही असा उजेड घरात असेल, हे ताईच्या मनात कुठून यावं? ऊब लागत नाही म्हणून ती बिचारी तो आणखी आणखी जवळ नेत राहिली!

माझे डोळे झोपेत मिटलेले होते म्हणून वाचले; गालांची तेवढी आग होत होती. ताईला मात्र संध्याकाळी डोळे उघडता येईनात. "डोल्यांत वालू गेली, वालू," म्हणत ती भिंतीला डोकं लावून बसली आणि गालांवरून पाणी वाहत राहिलं. जुन्या पनवेलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बुबुळावरचा नाजूक पापुद्रा भाजला आहे. बहुधा भरून येईल, पट्टी काढल्यावर पाहू.

बहुधा! त्या एका शब्दाने माझा जीव टांगणीला लागला. मला भीती वाटली, माझ्या स्वतःच्या शस्त्रक्रियेलाही वाटली नव्हती इतकी. तिचं एक मूत्रपिंड माझ्या पोटात होतंच. आता मला ओवाळण्यापायी तिची दृष्टीही जायची का? आणि मग तिने बाजारात कोणाच्या डोळ्यांनी मासे पारखायचे?

दाराजवळची खुर्ची त्या संध्याकाळी माझ्या शेजारी आली. ती कोणी सरकवली ते मी विचारलं नाही. सुनंदा ताईला हाताला धरून न्यायची, आणायची, घास भरवायची. "ताई, तोंड उघडा, वरणभात आहे," असं प्रत्येक घासाला सांगायची. एकदा ताईने चाचपडत माझ्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "ताप नाय ना याला?" सुनंदाने तो हात बाजूला केला नाही. ती नुसती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पट्टी सुटली तेव्हा ताईला आधी नुसतं धूसर दिसलं, मग हळूहळू सारं. सुनंदाने ती दांडी टाकून दिली आणि झाकणाची पेटी आणली. झाकण बंद असेल तरच तिच्यात किरण पेटतात. चाव्या नि मोबाईल आत जातात, माणसं बाहेर राहतात.

भाऊबीजेला ताई आली. सुनंदाने स्वतः निरांजन लावून तिच्या हातात दिलं. मला ओवाळून झाल्यावर ताईने ज्योतीवर तळवे धरले, ते डोळ्यांवर ठेवले, आणि तसेच राहू दिले. साधं तूप, साधी वात. तरी ते हात कधी निघतात याकडे मी डोळे लावून बसलो. सुनंदा माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची बोटं रुतत होती. त्या मिटलेल्या पापण्यांमागे आता कोणता उजेड असेल?

ताईने हात काढले. डोळे उघडले, आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं.

"घाबरता कशाला? दिसता मना. दोघवं दिसता."