वर गेल्यावर कुणाबरोबर राहायचं

अल्टरच्या कामाला त्या रस्त्यावर दुसरं दुकान नव्हतं असं नाही, पण काकूंच्या हाताची सर कुणाला नव्हती. पँट लांब झाली, फ्रॉक आखूड झाला, झिप फाटली, सुटलेलं पोट कोटात मावेना, की लोक काकूंकडे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला आरसा, कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा. काकूंच्या ओठांत सदा चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं मानेनंच. लोकांना वाटायचं, बाई किती शांत! शांत कसल्या, बोलायची सोयच नव्हती.

तशी ती सोय त्यांना लग्न झाल्यापासूनच नव्हती. नवरा एका मोठ्या गोदामाचा भांडारपाल. माणूस वाईट नव्हता. हे मी सांगतो कारण काकूही नेहमी हेच सांगायच्या. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरची भानगड नाही. फक्त दोन शब्द होते त्याच्याकडे. "हे काय?" ताट समोर आलं की हे काय. घडी केलेला शर्ट उचलला की हे काय. फळीवरून बोट फिरवायचं, बोटाकडे बघायचं, मग काकूंकडे बघायचं आणि हे काय. पुढे काही नाही. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं हो. या दोन शब्दांना उत्तर काय द्यायचं? मूलबाळ नव्हतं, नाहीतर त्यालाही त्यानं उचलून तेच विचारलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. काकू रडल्या, मनापासून रडल्या. इतकी वर्षं कानाशी वाजणारं यंत्र बंद पडलं तरी माणूस दचकतो, हा तर नवरा होता. पण भेटायला आलेली प्रत्येक बाई पाठीवरून हात फिरवून म्हणायची, रडू नकोस, तो वर तुझी वाट बघतोय, एक दिवस भेटायचंच आहे. आणि दर वेळी काकूंचं रडणं जागच्या जागी थांबायचं. वाट बघतोय! म्हणजे दारातच उभा असणार. आपण एवढा प्रवास करून पोचायचं आणि तो आपल्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणणार, हे काय?

हसायला येतं, पण काकूंना येत नव्हतं. त्यांनी खरंच हाय खाल्ली होती. मरणाची भीती सगळ्यांना असते; काकूंना मरणाची नव्हती, त्याच्या नंतरची होती. आणि हे बोलायचं कुणाशी? घरात दुसरं माणूस एकच, नवऱ्याची थोरली बहीण. काकू त्यांना वन्सं म्हणत. वन्संनी लग्न केलं नाही. आई लवकर गेली आणि या धाकट्या भावाला त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्यांच्यासमोर भावाविरुद्ध एक अक्षर काढायची काकूंची छाती नव्हती. तो असतानाही नाही आणि गेल्यावर तर नाहीच नाही.

अशात ते दोघे आले. एक ताडमाड उंच, एक चष्मेवाला. पांढरे शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. मॉर्मन पंथाचे प्रचारक. घरदार सोडून दोन वर्षं परमुलखात फिरायचं, दारोदार जाऊन आपला धर्म सांगायचा, असा त्यांचा नेम. बहुतेक दारं तोंडावर बंद होत असणार, तरी चेहरे मात्र नुकतंच बक्षीस मिळाल्यासारखे. शर्टांच्या कॉलरी झिजून दोरे निघाले होते. कॉलर उसवून उलटी लावली की शर्ट आणखी वर्षभर चालतो, हे काकूंनी त्यांना दाखवलं तेव्हा दोघे हरखून गेले. माप एकाचं असलं तरी दुसरा शेजारी उभा. एक पडद्याआड गेला तर दुसरा पडद्याबाहेर. नियमच होता म्हणे, एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही. काकूंना वाटलं, बरं आहे, यांचं लग्न होण्याआधीच सवय करून घेतात.

एकदा कपडे न्यायला आले आणि चष्मेवाल्यानं मशीनवर एक पत्रक ठेवलं. वर चित्र: आई, बाप, मुलं, आजी-आजोबा, सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे हसताहेत. उंच म्हणाला, आमच्या धर्मात कुटुंब मेल्यावर तुटत नाही, कायम राहतं, अनंत काळ. हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. काकूंचा मात्र उतरला. आतापर्यंत बायाबापड्या सांगत होत्या ते सांत्वनाला म्हणून सोडून देता येत होतं. हे दोघे तर त्याचा अभ्यास करून आलेले! त्या रात्री काकूंना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी ठरवलं, या विषयातलं ज्याला कळतं त्यालाच विचारायचं, सोक्षमोक्ष लावून टाकायचा.

त्यांना घरी बोलावलं. दोघे खूश झाले, पण उंच म्हणाला, एक अडचण आहे. बाई एकटी असेल तर आम्ही आत बसत नाही, आणखी एखादं मोठं माणूस हवं. झाली का पंचाईत! शेजारच्या बेकरीवालीला बोलवावं तर संध्याकाळपर्यंत पावाबरोबर काकूंचा प्रश्नही घरोघर पोचला असता. राहता राहिल्या वन्सं. काकूंनी बराच विचार केला. वन्संनी जन्मभर टेलिफोन कचेरीत कानाला यंत्र लावून काम केलं होतं, त्यात एक कान कामातून गेलेला. शिवाय दुपारी जेवण झालं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान कलायची. वेळ दुपारची ठरवायची, तो बिनकामाचा कान आपल्याकडे येईल असं त्यांना बसवायचं, आणि प्रश्न हळू विचारायचा. नियमही पाळला जाईल आणि अब्रूही राहील. काकू स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

ठरल्या दिवशी दोघे आले. काकूंनी चहा टाकला तर चहा चालत नाही. कॉफीही नाही. मग लिंबाचं सरबत केलं. काकूंनी सहज विचारलं, चहा का नाही हो घेत? त्यावर उंच सरसावून बसला आणि म्हणाला, "तुम्हाला विचारायचं आहे की आम्ही चहा का पीत नाही." काकू म्हणाल्या, हो, तेच तर विचारलं. मग त्यानं उत्तर दिलं. पुढे काकूंनी विचारलं, आईची आठवण येते का? "तुम्हाला विचारायचं आहे की आम्हाला आईची आठवण येते का." प्रत्येक प्रश्नाचं हेच. समोरच्याचा प्रश्न आधी आपल्या तोंडानं नीट म्हणून दाखवायचा, बरोबर समजलं ना ते बघायचं, मग उत्तर द्यायचं, अशी त्यांना शिकवणच होती. परकी भाषा पुस्तकातून शिकलेले, चूक होऊ नये म्हणून सावकाश आणि खणखणीत बोलायचे. काकूंना त्याची गंमत वाटली. त्यापायी आपलं काय होणार आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दोघांनी आपली कथा सांगितली. एक मुलगा होता, कुठला पंथ खरा हे त्याला कळेना, म्हणून तो रानात जाऊन देवालाच विचारून आला, इथून सुरुवात. काकू मान हलवत होत्या, पण डोळा वन्संकडे. मान कलली. हात मांडीवर सैल पडले. आता!

काकू पुढे वाकल्या आणि जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "समजा एखादीला वर गेल्यावर नवऱ्याबरोबर राहायचं नसेल, तर राहावंच लागतं का?"

उंच दोन क्षण शब्द जुळवत राहिला. मग ताठ बसून, एकेक शब्द सुटा करून, शेजारच्या बेकरीतही कळावं अशा आवाजात म्हणाला, "तुम्हाला विचारायचं आहे की मेल्यानंतर तुम्हाला तुमच्या नवऱ्याबरोबर राहायचं नाही."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. वन्संनी डोळे उघडले. झोपेतून जागं झाल्यासारखे नाही, मुळात झोपलेल्याच नसल्यासारखे. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही, थेट त्या दोघांकडे बघितलं. काकूंना वाटलं, संपलं. तीस वर्षं जपलेलं एका वाक्यात गेलं. ज्या बाईनं त्याला घास भरवून मोठा केला तिच्या देखत आपण त्याला अनंत काळाकरता घराबाहेर काढला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं.

"विचारलंय ना तिनं," वन्सं म्हणाल्या, "मग सांगा की."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. उंच जरा अवघडला, वाईट बातमी सांगताना माणूस अवघडतो तसा. म्हणाला, तुमचं लग्न आमच्या मंदिरात झालेलं नाही, त्यामुळे, माफ करा, आमच्या समजुतीप्रमाणे ते मरेपर्यंतच होतं. पुढे नाही.

"पुढे नाही?" काकूंनी विचारलं.

नाही, तो दुःखानं म्हणाला. आणि लगेच सावरून, हात पुढे करून त्यानं धीर दिला, पण काळजी करू नका, नवरा वारला असला तरी अजून करता येतं. त्याच्या वतीनं दुसरा माणूस उभा राहतो, विधी होतो, आणि मग कायमचं.

"नको, नको," काकू एवढ्या घाईनं म्हणाल्या की सरबताचा ग्लास लवंडता लवंडता राहिला. "राहू द्या. कशाला उगाच कुणाला त्रास."

तेव्हा चष्मेवाला बोलला. धर्म सांगायला आलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो, साधा आवाज होता. म्हणाला, "मावशी, आमच्यात जबरदस्ती नाही. देव कुणाला ओढून कुठे नेत नाही. तिकडे एकत्र राहायचं तर दोघांनी हवं म्हणावं लागतं. एकानं म्हणून भागत नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला. पडला तो असा की त्यांना रडूच आलं. पदर नव्हता, रुमाल नव्हता, मांडीवर उंचानं आजच कॉलर उलटायला आणलेला शर्ट होता, त्यालाच डोळे पुसले. त्या दोघांना वाटलं, बाईंना नवऱ्याची फार आठवण आली. त्यांनी मान खाली घालून प्रार्थना म्हटली. काकूंनीही डोळे मिटले. प्रार्थनेतलं फारसं काही कानात गेलं नाही, पण दोन वर्षांनी छाती पहिल्यांदा मोकळी झाली होती, तेव्हा जो कोणी देव त्या वेळी ऐकत असेल त्याचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले.

निघताना उंचानं विचारलं, पुढच्या आठवड्यात येऊ? आणखी बरंच सांगायचं आहे. काकूंना त्यांची फसवणूक करवेना. त्या म्हणाल्या, कॉलर न्यायला या, सरबत प्यायला या, पण धर्म बदलायचं म्हणाल तर मी काही त्यातली नाही. माझं काम झालं. उंचाचा चेहरा थोडा पडला. चष्मेवाला मात्र हसला, म्हणाला, काम झालं हेही आम्हाला रोज ऐकायला मिळत नाही.

दार लागलं. आता घरात दोघीच. काकू ग्लास गोळा करून स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, नळाच्या आवाजात जेवढं लपता येईल तेवढं लपल्या. वन्सं मागून आल्या आणि फडकं घेऊन धुतलेले ग्लास पुसायला लागल्या.

"वन्सं, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं हो," शेवटी काकू म्हणाल्या.

"एक कान गेलाय माझा, दुसरा आहे," वन्सं म्हणाल्या. "जेवायला तुझ्याच शेजारी बसत होते ना मी? रोज ऐकत होते. माझा भाऊ होता, माझी माया होती त्याच्यावर, अजून आहे. पण तुझ्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. आणि इतकी वर्षं थांबले नसते."

काकूंनी नळ बंद केला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी म्हणालं नव्हतं, आणि म्हणेल तर ते या बाई म्हणतील असं स्वप्नातही नव्हतं.

पण वन्संचं बोलून झालं नव्हतं. एकच ग्लास त्या पुसतच राहिल्या, तो केव्हाच कोरडा झाला होता. मग दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "माझं काय मग?"

"तुमचं काय म्हणजे?"

"तो होता म्हणून मी तुझी नणंद. घर त्याचं होतं, आता तुझं आहे. तिकडेही तो नको, इकडेही तो नाही. मग मी तुझी कोण लागते?" वन्संचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. "तो गेला तेव्हापासून रोज वाटतं, आज तू म्हणशील, वन्सं, आता तुमची दुसरीकडे काही सोय बघा."

म्हणजे दोन वर्षं या घरात दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवर जाग्या होत्या, आणि दोघींनी एकमेकींना जाग लागू नये म्हणून कूसही बदलली नव्हती!

"काहीतरीच काय वन्सं," काकू म्हणाल्या, पण ते पुरेसं नाही हे त्यांनाच कळलं. "त्या पोरांना विचारायचं राहिलं बघा. येतील तेव्हा विचारू, नणंदा-भावजयांना चालतं का म्हणून."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले. आपण कुठे त्यांच्या धर्मात आहोत?"

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी ग्लास फळीवर ठेवला, फडक्याची घडी केली, आणि पहिल्यांदाच काकूंकडे सरळ बघितलं.

"त्यानं काय सांगितलं? दोघांनी म्हणावं लागतं. मी हवं म्हणते. तुझं तू बघ."

काकूंचे हात ओले होते. तशाच ओल्या हातांनी त्यांनी वन्संचा हात धरला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "हवं."