यादीत नसलेलं नाव

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. वाचताना बहुतेक वेळा मनात म्हणायचे — झोप झाली नसेल, नाहीतर ताप असेल. कारण आमच्या घरात कधी कुणाची नजरसुद्धा काढली गेली नाही. लिंबू-मिरची, उतारा, अंगात येणं... यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आम्ही उमरग्याचे, बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, आणि त्या नुसत्या टांगून ठेवणाऱ्यांतले माझे वडील नव्हते. शाळेत शिपाई होते ते. लहानपणी मी एकदा म्हणाले की ओढ्याजवळच्या चिंचेवर भूत आहे, तर हाताला धरून मला त्या चिंचेखाली घेऊन गेले आणि अर्धा तास बसवून ठेवलं. मग विचारलं, "दिसलं का?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "मग चल, गणितं राहिलीत."

ती गणितं कामाला आली. आज मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत वित्त विभागाची प्रादेशिक प्रमुख आहे. संस्थेचं नाव देत नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि कंबोडिया — या चार देशांतल्या कामांचे पैसे माझ्या सहीनं जातात आणि त्यांचे हिशेब माझ्या सहीनं बंद होतात. ऑफिस काठमांडूत. शिपायाची मुलगी चार देशांच्या तिजोरीवर बसलीय, हे सांगताना मला कधी संकोच वाटत नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

तर प्रकरण असं. धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात आमचं एक छोटं काम चालतं. एकट्या राहणाऱ्या बायकांना उस्मानाबादी शेळ्यांची जोडी द्यायची, विमा उतरवायचा, पहिलं वर्ष औषधपाणी बघायचं. सास्तूरपासून जवळच्या एका गावात त्या जोड्या दिल्या होत्या. गावाचंही नाव नको. खरेदीच्या पावत्या एक्केचाळीस जोड्यांच्या, आणि लाभार्थ्यांच्या यादीत नावं चाळीस.

दोन शेळ्या. चार देशांच्या हिशेबात दोन शेळ्या म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटेल, पण आमच्याकडं रकमेवर काही ठरत नाही. एका शेळीचा घोळ मिटवता येत नसेल तर पुढचा पैसा थांबतो. इथं तर पुढच्या टप्प्यात लोहारा आणि उमरगा दोन्ही तालुके होते. शिवाय संशय एका माणसावर होता — तिथले समन्वयक बसवराज अण्णा. पन्नाशीचे गृहस्थ, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारे, पूर्वी दूध संकलन केंद्रावर होते. त्यांचं म्हणणं एकच होतं. फोनवर मला म्हणाले, "मॅडम, सुमन बाबूराव जाधव दोन हायत. म्या तीनदा लिवून कळवलंय."

मी म्हटलं, कागद दाखवा. कागद त्यांनी पाठवले, पण दोन्ही पावत्यांवर तेच नाव, तेच गाव, तीच बँक. एकीवर सही, एकीवर अंगठा. मुख्यालयातल्या लोकांना दुसरी पावती बनावट वाटली. कागदावर नाव आहे आणि माणूस नाही, अशा लाभार्थ्याला आमच्या धंद्यात 'घोस्ट'च म्हणतात. तो शब्द रिपोर्टात आला, बसवराज अण्णांना कामावरून बाजूला ठेवलं, आणि मुख्यालयातून मला फार सभ्य भाषेत विचारण्यात आलं की हा तुमचाच भाग आहे, तर तपासणी दुसऱ्या कुणी केली तर बरं नाही का? मी उलट लिहिलं — माझा भाग आहे म्हणूनच मी जाणार. तिथं मला कुणी फसवू शकणार नाही.

केवढा तो ताठा! पण खरं सांगते, सोलापूरहून गाडी हायवेला लागली आणि ओळखीच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा ऊर भरून आला होता. सोबत प्रमिला होती, माझी नेपाळी सहकारी. तिला मराठी येत नाही, पण नेपाळीची लिपी देवनागरीच असल्यामुळं मराठी यादी ती सरळ वाचू शकते. हे लक्षात ठेवा, पुढं महत्त्वाचं आहे.

नियम असा की ज्याच्यावर संशय आहे तो माणूस तपासणीच्या जागी नको. म्हणून बसवराज अण्णांना मी उमरग्यातच थांबायला सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "विहिरीवरच्या सुमनला इचारा." मी वहीत लिहून घेतलं.

सकाळी अकराला त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेल्या सभागृहात बायका जमल्या. गावात आधीच पसरलं होतं की वरचे साहेब शेळ्या परत न्यायला येताहेत. हे मला नंतर कळलं. तेव्हा इतकंच जाणवलं की सगळ्या जणी अंग चोरून बसल्यात. चहा आला, तोही कुणी घेईना. मी सांगितलं की नाव घेईन तसं उभं राहायचं, शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगायचा, सही किंवा अंगठा द्यायचा, बस. फोनवर रेकॉर्डिंग लावून तो टेबलावर ठेवला. यादीची एक प्रत माझ्या हातात, एक प्रमिलाच्या. ती प्रत्येक नावापुढं टिक करत होती.

बावीस नंबरला सुमन बाबूराव जाधव. एक तरणीताठी बाई उठली, नंबर सांगितला, सही केली. मी विचारलं, गावात याच नावाची अजून कुणी आहे का? विहिरीवरची सुमन म्हणून? बायका पदर सावरत एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पुन्हा विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "न्हाय बाई, आमाला काय ठावं न्हाय." आणि खाली बघायला लागली.

मनात म्हटलं, संपलं. बसवराज अण्णांचं संपलं आणि दोन तालुक्यांचं कामही संपलं. उरलेली नावं मी जरा घाईनंच वाचली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

आणि मग मी वाचलं, "एक्केचाळीस. कलिंदा तुळशीराम गवारे."

मागच्या भिंतीजवळ, खांबाच्या आडोशाला बसलेली एक बाई उठून उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरून पदर. म्हणाली, "व्हय."

बाकीच्या बायका तिच्याकडं वळून बघायला लागल्या. कुणाला काही कळेना. प्रमिलानं माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच विचारलं, दीदी, तुमची यादी वेगळी आहे का? माझ्यात चाळीसच आहेत.

मी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. चाळीस नावं होती. चाळिसाव्याच्या खाली रेघ, आणि रेघेखाली कोरा कागद.

इथं नीट सांगते, कारण लोकांना वाटतं की मला ते नाव 'सुचलं' किंवा 'आतून आलं'. तसं झालं नाही. मी ते वाचलं. बाकीची चाळीस वाचली तसंच. छापील अक्षरं होती, चाळिसाच्या खालच्या ओळीत, आणि गवारेमधला 'रे' ओळीच्या टोकाशी आला होता हेही मला आठवतं.

ती बाई खांबाला धरून उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना. मी उठून तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

म्हणाली, "सुमन. विहिरीवरची सुमन." मग जरा थांबून, "आत्ता घेतलं ते माज्या बापाच्या घरचं नाव हाय. तुमास्नी कुणी सांगितलं?"

मी तिला हाताला धरून बसवलं आणि शेजारी बसले.

मग तिनं तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. माहेर सास्तूरचं, जुन्या गावठाणातलं. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून सुमन ठेवलं, आपल्याकडं ठेवतात तसं. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच भूकंप झाला. आई, बाप, दोन भाऊ, धाकटी बहीण, सगळे एका घरात झोपले होते. एकही राहिलं नाही. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झाली, सासूसासरे त्याच्याही आधी गेले. कलिंदा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. गावातल्या बायकांना तर हे नाव त्या दिवशीच कळलं. तीस वर्षांहून जास्त काळ शेजार आहे त्यांचा.

"म्या गप बसणार हुते," ती म्हणाली. "शेळ्या नेतील म्हणून. पर नाव घेतलं की उठलेच बगा. वाटलं घरातनं कुणीतरी हाक मारली."

तेव्हा मगाचची ती म्हातारी रडायला लागली. तिनंच सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. सुमनच्या शेळ्या वाचाव्यात म्हणून.

पुढचं सगळं सरळ झालं. आम्ही विहिरीवर, तिच्या घरी गेलो. दोन शेळ्या होत्याच, त्यांच्या कानात बिल्ले होते, आणि नंबर बसवराज अण्णांनी पाठवलेल्या त्या 'बनावट' पावतीशी जुळले. शिवाय त्या दोनच्या आता सात झाल्या होत्या. प्रत्येकीचं वेत कधी झालं, कितीला काय विकलं, हे तिला तोंडपाठ. अंगठा लावणारी बाई, पण तिच्या हिशेबात एका रुपयाची चूक नव्हती. मी चार देशांचे हिशेब तपासते, पण इतका स्वच्छ हिशेब क्वचितच पाहिलाय. अभिमान वाटला... कशाचा ते नीट सांगता येणार नाही, पण आपल्या मातीतल्या बाईचा वाटला एवढं नक्की.

संध्याकाळी उमरग्यात बसवराज अण्णांकडं गेले. माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी आलात हेच लई झालं. कागदावरच मिटवलं असतं तर म्या काय करणार हुतो?" आणि जेवूनच जायचं म्हणाले. घरच्या लोकांना कानडीत काहीतरी सांगितलं, त्यात 'नम्म मॅडम' एवढं मला कळलं. आमच्या मॅडम. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या पदांपेक्षा ते मला मोठं वाटलं.

आता तपासणी. माझा धंदाच तो आहे, त्यामुळं मी काही सोडलं नाही. रेकॉर्डिंग ऐकलं — माझा आवाज, स्पष्ट, "एक्केचाळीस, कलिंदा तुळशीराम गवारे." प्रमिलाची प्रत बघितली, चाळीस नावं. कॉम्प्युटरवरची मूळ फाईल, तिच्या जुन्या आवृत्त्या, गावातच राहिलेला सुमनबाईंचा पहिला अर्ज, त्यांच्याकडचं आधार, पासबुक... सगळीकडं सुमन. गवारे हे आडनाव आमच्या कुठल्याच कागदात नाही. बसवराज अण्णांनाही माहीत नव्हतं. आईला विचारलं, सास्तूरला आपलं कुणी होतं का, असं नाव लहानपणी माझ्या कानावर आलं असेल का? ती नाही म्हणाली. वडील आता नाहीत. असते तर त्यांनी मला त्या सभागृहात परत नेऊन अर्धा तास बसवलं असतं.

एक गोष्ट मात्र सापडली. दुसरी सुमन यादीतून केव्हा गेली ते. सॉफ्टवेअरनं दोन सारखी नावं दाखवली होती आणि विचारलं होतं, डुप्लिकेट वगळायचं का? काठमांडूतून कुणीतरी 'हो' केलं होतं. तारखेसमोर युजरचं नाव माझं. मला ते क्लिक आठवतसुद्धा नाही. त्या दिवशी अशी पन्नासेक तरी केली असतील.

हे मी रिपोर्टात लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, सिस्टीमची चूक असं लिहिलं तरी चालेल. मी म्हटलं, नाही, माझी लिहा. आज चारही देशांतल्या आमच्या अर्जांत एक जादा रकाना आहे — बाईचं जन्माचं नाव. कंबोडियातल्या ऑफिसनं विचारलं होतं की आमच्याकडं लग्नात नाव बदलत नाहीत, मग हा कशाला? म्हटलं, असू दे. लोहारा-उमरग्याचा पुढचा टप्पा सुरू झाला आहे, आणि तो बसवराज अण्णाच बघतात. सुमनबाईंच्या कार्डावर आता दोन्ही नावं आहेत. अंगठ्याच्या जागी त्या सही करतात, शिकल्या. सही कलिंदा अशी करतात.

फक्त एका जागी मी अडले. अंतर्गत ऑडिटच्या फॉर्मवर प्रश्न असतो — वगळलेल्या लाभार्थ्याची ओळख कशी पटली? त्यापुढं मी लिहिलं, "सभेत नाव पुकारून." ते मंजूर झालं, कारण खोटं नाही. पुरावा म्हणून रेकॉर्डिंगही जोडलंय. नाव कुठून घेतलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तो रकाना कोरा सोडावा लागला असता. वीस वर्षांच्या नोकरीत मी कधी तसं केलेलं नाही.