खांबेटेबाईंच्या मशीनचं भाकीत

जयमाला खांबेटे या बाईंचा पाय घरात ठरत नसे. शाळा सुटली की बाकीचे शिक्षक बस, रिक्षा, स्कूटर, जे मिळेल ते पकडून आपापल्या फ्लॅटकडे पळायचे. बाई मात्र पदर खोचून उलट्या दिशेला, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत शिरायच्या. तिथे त्यांचं नात्यागोत्याचं कोणी नव्हतं. होती ती शाळेला दांड्या मारणारी मुलं. कोणाची आई आजारी, कोणी गावी जाऊन तिकडेच अडकलेला, कोणाला बापाने मार्केटात गोण्यांना लावलेलं. बाई दारात उभ्या राहून सांगायच्या, "उद्या शाळेत पाठवा. नाही पाठवलंत तर परवा मी परत येईन." त्यांच्या दुसऱ्या फेरीच्या धाकानेच लोक बिचारे पोरं पाठवायचे.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. बेलापूरला सिडकोच्या लहानशा घरात एकट्या राहायच्या आणि गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची स्टाफरूममध्ये कोणाची छाती नव्हती, आणि ज्याने एकदा विचारलं त्याला बाईंनी वर्षभर पर्यवेक्षणाला उभं केलं.

शहाण्णव साली शाळेत कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराला पडदा, आणि आत जायचं तर चपला बाहेर. देवळाच्या गाभाऱ्याला नसेल एवढं सोवळं. मुलांना हात लावायला मिळायचा तो थेट दहावीत. बाकीचे शिक्षक त्या खोलीकडे लांबूनच नमस्कार करायचे, पण पन्नाशीला टेकलेल्या खांबेटेबाई वाशीला संध्याकाळच्या क्लासला जाऊन ते यंत्र शिकल्या. एका इंग्रजी मासिकात त्यांना हवी तीच गोष्ट सापडली. मशीनला नियम सांगायचे नाहीत. जुनी उदाहरणं द्यायची, कोणाचं पुढे काय झालं ते द्यायचं, आणि नियम त्याने आपला आपण शोधायचा. बाई हरखून गेल्या. माणूसही याहून वेगळं काय करतो, असं त्या कोणालाही थांबवून विचारायच्या.

शाळा सोडणाऱ्या मुलांना सरकारी भाषेत गळती म्हणतात, जशी काही मुलं म्हणजे नळाचं पाणी. ही गळती आधीच ओळखता आली तर? दरवर्षी बाई पोचायच्या तेव्हा निम्म्या घरांत उशीर झालेला असायचा. म्हणून त्यांनी शाळा उघडल्यापासूनच्या सगळ्या मुलांची माहिती मशीनला भरवली. गुण, हजेरी, बापाचं काम, मोठ्या भावंडांनी शाळा कधी सोडली, गावी किती काळ राहिले. दिवाळीची सुट्टी त्यात गेली, नाताळची गेली. मग जुनीच मुलं काढून मशीनची परीक्षा घेतली, तर दहात नऊ वेळा उत्तर बरोबर. बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुख्याध्यापक कमळाकर सर म्हणाले, "बाई, आता तुम्ही ज्योतिषी झालात." सगळे हसले. बाईही हसल्या, हेच मेलं दुर्दैव.

फेब्रुवारीत त्यांनी नववीची मुलं मशीनला दिली. मशीनने नावं काढली, आणि त्यात ज्ञानेश्वरी होती.

ज्ञानेश्वरी म्हणजे हौसेराव माथाड्याची धाकटी. कांदाबटाट्याच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहणारा, साताऱ्याकडून आलेला हौसेराव. पोरगी गणितात अशी की बाईंनी फळ्यावर अर्धं लिहावं आणि हिने बाकावरून उरलेलं सांगावं. कॉम्प्युटरच्या खोलीच्या पडद्याआडून डोकावणाऱ्यांतही ही पहिली. "बाई, दहावीत गेले की मलाबी बसायला मिळंल ना?" हे ती आठवड्यातून एकदा तरी विचारायचीच. पण मशीनच्या लेखी गुणांना फारसं वजन नव्हतं. थोरल्या बहिणीचं, राजलक्ष्मीचं, नववीनंतर लग्न झालेलं. जत्रेसाठी गावी गेली की ही बराच काळ परत यायची नाही. आणि घर माथाड्याचं. अशा मुली पुढे दहावीत दिसल्या नाहीत, एवढंच मशीनला ठाऊक होतं.

बाईंनी ते नाव दोनदा वाचलं. इतर पोरं गेली तर वाईट वाटायचं, पण ही गेली असती तर आपण आजवर काय शिकवलं असा प्रश्न पडला असता. मशीनने वेळेवर सांगितलं हे केवढं भाग्य, असं म्हणत त्याच दिवशी त्या वसाहतीकडे निघाल्या. आणि इथे त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. एरवी रिकाम्या हाताने जायच्या, या वेळी छापलेला कागद सोबत घेतला. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद. बापाला धाक बसेल, एवढाच हेतू.

हौसेराव नुकताच कामावरून येऊन हातपाय धुऊन बसला होता. बाईंना बघून उठला, सतरंजी झटकली. "या बाई, या. अगं, च्या टाक." त्याची बायको रंगूबाई आतून डोकावून हसली. ज्ञानेश्वरी पाणी भरायला गेली होती.

बाईंनी कागद उलगडला. "हौसेराव, हे कॉम्प्युटरने काढलंय. हे बघा, तुमच्या मुलीचं नाव. ती दहावीपर्यंत टिकणार नाही, शाळा सुटणार, असं यात आलंय."

हौसेरावाने हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बाईंनी बोट ठेवलेल्या जागेकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"मशीननं काढलंय?"

"हो."

"आन् मशीन चुकत न्हाई?"

आता बघा, या ठिकाणी दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, चुकतं की, म्हणूनच तर आले. पण बाईंनी महिनोन्महिने डोळे फोडले होते, आणि स्टाफरूम सोडली तर त्या कष्टांबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "दहात नऊ वेळा बरोबर येतं," त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. मग पुष्कळ बोलल्या. तिला गावी जास्त दिवस ठेवू नका, घरकामाला लावू नका, मी फुकट शिकवीन. हौसेराव मान हलवत होता. बाईंना वाटलं, पटलं. निघताना त्याने विचारलं, "ह्यो कागद आमाला ठिवता यील?" बाईंनी आनंदाने दिला. त्याने तो कपाळाला लावला आणि देवांच्या फळीवर ठेवला. कागदाचा एवढा मान बघून बाईंना भरूनच आलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. इथे हसण्यासारखं काही नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दहावीच्या वर्गात ज्ञानेश्वरीचा बाक रिकामा राहिला. गावाहून यायला उशीर झाला असेल, म्हणून बाईंनी थोडी वाट पाहिली आणि मग गेल्या. दारात रंगूबाई तांदूळ निवडत होती. बाईंना बघताच उठून पाया पडली.

"पोरीचं झालं बाई मे म्हैन्यात. गावाकडंच केलं. चांगलं घर हाय."

बाई उंबऱ्यावरच बसल्या. "मी एवढं सांगून गेले होते, रंगूबाई."

"तुमी सांगितलं म्हनूनच की." रंगूबाईला बाईंचा चेहरा कळेना. "माजा भाऊ कवापासनं स्थळ आनत हुता. ह्यांनी दोनदा परत लावला त्याला. म्हनले, पोरगी दहावी झाल्याबिगर विषय काढायचा न्हाई. मग तुमी त्यो कागद आनला. थोरल्या राजीची पत्रिकाबी वाशीच्या दुकानात मशीनवरच काढली हुती बाई, समदं तसंच्या तसं निघालं. गुरुजीच्या हातनं येक वेळ चूक हुईल, मशीनच्या हुती व्हय? हे लई रडले बघा त्या रात्री. म्हनले, पोरीच्या नशिबातच शाळा न्हाई, आता उगं कशाला नादी लावायचं तिला."

तेवढ्यात हौसेराव आला. त्याने हात जोडले. "लई उपकार झालं बाई. टायमात सांगितलंसा. न्हाईतर स्थळ गेलं असतं आन् दहावीबी झाली नसती. दोन्हीकडनं गेली असती पोर."

बाईंना ओरडायचं होतं. ते भाकीत नव्हतं हो, ती धोक्याची सूचना होती! पण समोर हात जोडून उभ्या असलेल्या बापाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं असतं तर त्याने उरलेला जन्म कसा काढला असता? बाईंनी चहा घेतला, पोर सुखी राहो म्हणाल्या, आणि बसस्टॉपपर्यंत पोचल्यावर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ढसाढसा रडल्या. लोक बघत होते. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

कमळाकर सर मात्र खूश होते. मशीनने काढलेली बहुतेक मुलं खरोखरच गेली होती. "आता सगळ्या वर्गांना लावा, बाई," ते म्हणाले. नवी उदाहरणं भरली की मशीन आणखी तयार होईल, हे बाईंना त्यांच्याहून चांगलं माहीत होतं. ज्ञानेश्वरीचं नाव आता गळतीत भरलं जाणार, आणि तिच्यासारखी पुढची मुलगी दिसली की मशीन आणखी ठामपणे नाही म्हणणार. बाईंनी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली आणि नववीच्या तासाला गेल्या.

पंचमीला ज्ञानेश्वरी माहेरी आली. नवी नवरी पहिल्या पंचमीला माहेरी येते तशी, हातभर हिरव्या बांगड्या घालून. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली आणि बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. सासूबद्दल विचारलं, शेतीबद्दल विचारलं. मग राहवलं नाही.

"ज्ञाने, माझं चुकलं गं. ते मशीन चुकलं होतं. तू दहावी झाली असतीस. मला पक्कं माहीत आहे."

पोरीने बाईंकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. बाईंना वाईट वाटतंय एवढंच तिला दिसत होतं, आणि आपल्या बाईंना बरं वाटावं म्हणून तिने त्यांचा हात धरला.

"न्हाई बाई, चुकलं कुठं? बरोबरच आलं की. मलाच उगं वाटत हुतं, मला जमंल म्हनून."