न वाचलेली तीनशे पत्रं

डाकभाऊंनी तीनशे जुनी पत्रं जमवली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. ते निवृत्त पोस्टमन. चामोर्शीभोवतालच्या गावांत सायकलने जायचे, घरात शिरले की आधी तारेत खोवलेल्या पत्रांकडे बघायचे. जंगलातून हरकारे डाक आणत त्या काळातली, 'चांदा' या चंद्रपूरच्या जुन्या नावाच्या शिक्क्याची पाकिटंही त्यांच्याकडे होती. वाचत का नाही, असं मी एकदा विचारलं.

"मले पत्ता वाचाचा हक्क आहे. आतलं वाचाचा नाई."

पत्र घेताना शब्द द्यायचे की कधीही मागा, परत मिळेल. पाकिटावरचं नाव बघून ते क्षणात काढून देत.

त्र्याऐंशी साली मी चंद्रपूरच्या कॉलेजात नवा प्राध्यापक होतो आणि मोठ्या लोकांत ऊठबस असल्याचा मला माज होता. नागपूरचे एक संग्राहक प्रदर्शनासाठी पत्रं मागत होते. भाऊ तयार नव्हते. माणूस माझ्या ओळखीचा आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी पत्रांची पेटी दिली ती माझ्या भरवशावर.

दोन महिन्यांनी पार्सल आलं. पत्रं नीट घडी घातलेली, पाकीट एकही नाही. मी नागपूरला गेलो. संग्राहकांनी हसत सांगितलं, किंमत शिक्क्याला असते, मजकुराला कोण विचारतो. मी त्यांचा चहा पिऊन परत आलो. आजही स्वतःची लाज वाटते.

नेमक्या त्याच आठवड्यात सकराबाई डाकभाऊंकडे आल्या, पूर्वी दिलेली आपल्या भावाची पत्रं परत मागायला. हा भाऊ माजरीच्या खाणीत कामाला होता, तो वारला होता. सकराबाईंना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण आता शिकलेली सून घरात आली होती. ती पत्रं वाचून दाखवणार होती.

डाकभाऊंनी चष्मा लावला आणि दिवसभर वाचत बसले. नावगाव सगळं पाकिटावर राहिलेलं. आत फक्त बहिणीला 'बाईस' आणि शेवटी 'तुझा भाऊ'. मध्ये इकडे खुशाल, तिकडचं कळव. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली अशी नऊ पत्रं निघाली. डाकभाऊ म्हणाले, सारीच न्या.

सकराबाईंनी हात लावला नाही. "दुसऱ्या बहिनीचं मी काऊन नेऊ?"

त्या गेल्या. डाकभाऊंनी चष्मा काढला.

"तुह्यापायी मले लोकायची पत्रं वाचा लागली," ते म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.