छत्रीच्या टोकाला खाजकुयली

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग हात आपोआप सलामासाठी कपाळाकडे जातो. नोकरीत मी शूर माणसं पुष्कळ पाहिली. त्यातली निम्मी माझ्याच खात्यातली होती आणि त्यांचं शौर्य कमरेच्या सरकारी पट्ट्यात होतं. पण शांतपणे विचार करून शूर झालेली व्यक्ती मी एकच पाहिली. ती एक शाळामास्तरीण होती.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी तेव्हा बोरी अरबच्या बाजूला फौजदार होतो. बाई गावात आई-वडिलांबरोबर राहत. वडील कचेरीत कारकून, स्वभावाने कडक, पण मुलीवर जीव. बाईंची शाळा कोसभर लांबच्या बंजारा तांड्यावर होती आणि रोजचं जाणं-येणं पायी, पळसाच्या झुडपांतून. त्या हिवाळ्यात याच वाटेवर तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक माणूस बायकांना अडवू लागला. बाजारातून परतणाऱ्या दोघींच्या गळ्यातल्या सोन्याच्या पोती त्याने ओरबाडून नेल्या. आम्ही खबर नोंदवली, पहारा लावला. पण शिपाई दिसला की तो गायब आणि शिपाई जेवायला गेला की हजर!

बाईंच्या वडिलांनी निकाल देऊन टाकला. चोर पकडला जाईपर्यंत घरी बसायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. तांड्यावरच्या मुली तेव्हा पहिल्यांदाच शाळेत येत होत्या. शिकवायला बाईमाणूस आहे म्हणूनच घरचे त्यांना पाठवत होते. बाई घरी बसल्या की मुलीही घरी बसणार, हे सर्वांना ठाऊक होतं.

एका सकाळी बाई ठाण्यात आल्या. मला वाटलं, सोबतीला शिपाई मागतील. त्या म्हणाल्या, "साहेब, वाटेनं जाताना जवळ काय बाळगावं, एवढंच विचारायला आलेय."

आमच्या हवालदाराला असल्या प्रश्नाची हौस भारी. तो धावत जाऊन घरचा जांबिया घेऊन आला. "बाई, हे ठेवा पिशवीत. येकच वार, मामला खतम!"

बाईंनी जांबिया हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "त्यानं माझ्याच हातातून ओढून घेतला तर? आणि समजा नाही ओढला, तो मेला, तर त्याच हातानं मी पोरींचा हात धरून अक्षर गिरवून घेऊ? हवालदारकाका, मला त्याला मारायचं नाही. मला शाळेत पोचायचंय."

माझ्या सबंध नोकरीत शस्त्राबद्दल इतकं सरळ बोलणं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

मी लाठी सुचवली. बाई म्हणाल्या, "दोन दिवस नेईन, मग जड होते म्हणून घरी ठेवीन. रोज नेववत नाही ती वस्तू काय कामाची?" मग मिरचीपूड. तिची परीक्षा बाईंनी अंगणातच घ्यायला लावली. हवालदाराने मूठ भरून उधळली, तेवढ्यात वारा फिरला. "मेलो वो माय!" म्हणत तो रांजणाकडे पळाला आणि दुपारपर्यंत त्याचे डोळे टोमॅटोसारखे लाल होते. शेवटी मी एक शिट्टी दिली. ती मात्र बाईंनी लगेच गळ्यात अडकवली. "हिनं माणसं धावून येतील. पण ती येईपर्यंत तो हातभर लांब राहिला पाहिजे. त्याचं काय करावं?"

याचं उत्तर तांड्यावर मिळालं. तिथे एक म्हातारी होती. सगळे तिला याडी म्हणत; बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. बाईंनी तिलाही तोच प्रश्न विचारला. याडी म्हणाली, "मिरची वाऱ्यानं उडते, बाई. खाजकुयलीच्या शेंगा बांध नं छत्रीले. ज्याले टेकवशीन त्याले लागीन. मरत नाही कोनी, पन नाचते लय."

खाजकुयलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस कसा तडफडतो, हे आमच्याकडे शेरडं राखणाऱ्यालाही माहीत असतं. बाईंनी हाताला फडकं गुंडाळून शेंगा तोडल्या आणि छत्रीच्या टोकाला घट्ट बांधल्या. लव भलत्याच कुणाला लागू नये म्हणून त्यावर पळसाच्या पानांचा द्रोण टोपीसारखा बसवला. वाटेला लागलं की द्रोण काढायचा, वस्ती आली की परत घालायचा. वडिलांकडून त्यांनी थोड्या दिवसांची मुदत मागून घेतली आणि चालू लागल्या.

तो आडवा आलाच. शाळा सुटल्यावरची वेळ, ऊन कलतं. त्याने गळ्याकडे हात घातला. बाईंनी छत्री पुढे करून त्याच्या मानेवर टोक फिरवलं, दोन पावलं मागे सरल्या आणि शिट्टी फुंकली. शेजारच्या वावरातून कापूस वेचणाऱ्या बाया धावल्या, त्यांच्यात याडीही होती. तो नाल्याकडे पळाला.

सगळ्याजणी थेट ठाण्यात आल्या. मी बाईंचा जबाब लिहून घेत होतो, तोच दवाखान्याच्या कंपाउंडरने खबर पाठवली, की एकजण मुंगळे चावले म्हणतोय आणि भिंतीला मान घासतोय. हवालदार त्याला घेऊन आला. कापसाच्या दलालाकडे कामाला आलेला शहरगावचा माणूस. नुकतंच घडी मोडलेलं पांढरंशुभ्र धोतर, सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

मी त्याला बोट लावलं नाही. उतरत्या उन्हाच्या ओसरीवर बसवलं आणि गरम चहा पाजला. घाम फुटला तसा तो बसल्या जागी वळवळू लागला. तरी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "मुंगळे, साहेब, मुंगळे."

याडी त्याच्यासमोर येऊन वाकली आणि मान पाहू लागली. "मुंगय्याचं असंन तं पान्यानं थंड पडते, बापू. धुतलं नाही का?"

"धुतलं ना! नाल्यात बसून चोळचोळ चोळलं, तेव्हापासून तर आगच झाली!"

याडी माझ्याकडे पाहून हसली. "सायेब, कुयलीच हाय. कुयलीले पानी लावून चोळलं का ते पसरते. गावचा मानूस पयले शेन लावते."

तिने हवालदाराला गोठ्यातून शेणाचं घमेलं आणायला पाठवलं. ते दिसताच त्या माणसाने हात जोडले. "आधी ते लावा, मग सगळं सांगतो!" आम्ही आधी लावलं. सांगणं नंतर झालं, आणि ते बरंच लांबलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून लगेच पंच बोलावले आणि त्याने दाखवलेल्या जागेतून, दलालाकडच्या कापसाच्या गासडीमागून, बायकांच्या गळ्यातल्या दोन्ही पोती काढून पंचनामा केला. शिक्षा झाली ती त्या मुद्देमालावर.

दुसऱ्या दिवशी बाईंचे वडील आले. म्हणाले, "साहेब, आता वाट निर्धोक झाली, असं सांगता का?"

मला खोटं बोलवेना. "एक चोर गेला. वाट तीच आहे," मी म्हणालो.

ते तसेच उठून गेले. आता बाईंना घरी बसवणार, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

हत्यार केवढं मोठं यावर माणूस सुरक्षित ठरत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. जे रोज जवळ राहतं, घाबरल्या हाताला वापरता येतं आणि वापरल्यावर आपल्याला सुखाने झोपू देतं, ते खरं हत्यार. पुढे कितीतरी बायकांनी मला बाईंचाच प्रश्न विचारला आणि मी त्यांना बाईंचीच उत्तरं सांगत आलो.

तर वडील. दोन दिवसांनी पाहतो तर गृहस्थ दुपारपासून ठाण्याच्या ओट्यावर बसलेले, नजर तांड्याच्या वाटेवर. कचेरीत रजा टाकली होती. मीही टेबल सोडून शेजारी जाऊन बसलो. ऊन उतरल्यावर बाई येताना दिसल्या, धुळीने माखलेल्या, नेहमीच्या चालीने.

"बाबा, तुम्ही इथं?"

वडिलांनी जन्मात प्रथमच त्यांना शाळेचं विचारलं. "मुली आल्या होत्या का गं?"

"सगळ्या आल्या, बाबा."

उपरण्याने डोळे पुसून ते म्हणाले, "उद्यापासून तुझा डबा जरा लवकर करायला सांगतो. उन्हाच्या आधी पोचत जा."